खिशातल्या रिव्हॉल्व्हरची मूठ: कोणती घ्यावी, किती घासावी?

खिसेपाकीट

मंडळी, प्रश्न साधा आहे, उत्तरं साधी नसणार याची कल्पना आहे.

स्मिथ अँड वेसनचं ६४२. .३८ स्पेशल, पाच काडतुसांचं सिलिंडर, १.८७५ इंची नळी, घोडा फ्रेमच्या आत झाकलेला. कायम पुढच्या खिशात, पाउचमध्ये. कंपनीची रबरी मूठ खिशाच्या अस्तराला चिकटते आणि करंगळीला जागा देत नाही. बदलायची म्हटलं तर बूट ग्रिप (आखूड बुडाची मूठ), बँटम, मोनोग्रिप, जी-१०च्या (काच-एपॉक्सीच्या) पट्ट्या, लाकूड, लेझरवाली असा बाजार भरलाय. निवडताना आधी काय पाहायचं? आणि विकतची मूठ घरी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन हाताला बेतून घेता येते का, की त्या भानगडीत पडूच नये?

मूठभर

झाकली मूठ सव्वा लाखाची. खिशातून दिसली की किंमत गेली.

बाकी जाणकार येतीलच. जागा धरून ठेवतो.

कानसवाला

आधी फ्रेम, मग हात, मग साहित्य. बहुतेक लोक फोटोतलं लाकूड बघून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

फ्रेम: ६४२ म्हणजे जे-फ्रेम (स्मिथची छोटी फ्रेम), राउंड बट (बुडाचा मागचा कोपरा गोल). आता बनणारी बहुतेक सगळी जे-फ्रेम राउंड बटचीच असतात. जुन्यांत, म्हणजे १९५०च्या चीफ्स स्पेशलच्या वंशातल्या मॉडेल ३६ वगैरेंत, स्क्वेअर बटही मिळतं. स्क्वेअर बटवर राउंडची मूठ चढवायला गेलात तर मागचा खालचा कोपरा बाहेर डोकावतो, आणि तिथे लाकूड कितीही घासून काही होत नाही. उलटं जमतं: राउंड फ्रेमवर स्क्वेअर आकाराची मूठ बसेल अशा पट्ट्या मिळतात. पण मग खिशासाठी राउंड फ्रेम घेतली कशाला?

हात: रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडर बाहेर काढून पाचही घरं डोळ्यांनी बघा, शिवाय बोटानेही चाचपा, आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग नळी आणि मनगटाचं हाड एका रेषेत येईल असं धरा, अंगठा-तर्जनीमधलं बेचकं बॅकस्ट्रॅपवर, म्हणजे फ्रेमच्या मागच्या कडेवर, जाईल तितकं वर. आता तर्जनी चापावर ठेवा. डबल अ‍ॅक्शनला (चाप ओढूनच घोडा मागे जातो तेव्हा) बोटाचं गुबगुबीत टोक किंवा पहिल्या पेराची घडी चापावर आली की माप बरोबर. नुसतं नखाखालचं टोक पोचत असेल तर मूठ मागून जाड आहे. बोट पार आत जाऊन समोरच्या अंगठ्याला आपटत असेल तर मूठ पातळ आहे.

ही एक गोष्ट पाहिलीत की बाजारातला निम्मा माल आपोआप बाद होतो.

सागवान

कानसवाल्यांशी सहमत. त्यातच पुढचं जोडतो.

बॅकस्ट्रॅप उघडा ठेवणारी मूठ आणि झाकणारी मूठ, खरी विभागणी ही. उघडीत धातू थेट तळहाताला लागतो, पण चाप जवळ राहतो आणि हात वर चढतो. झाकलेल्या मुठीत मागे रबर येतं, धक्का मऊ लागतो, पण चापाचं अंतर पाचेक मिलिमीटरने वाढतं. छोट्या हाताला ते पाच मिलिमीटर नडतात. बोट पोचेना की माणूस नकळत हात फिरवून घेतो, आणि मग धक्का मनगटाच्या रेषेत न जाता अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात जातो. मऊ मूठ लावूनही हात दुखतो अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

चाप_ओढ

सागवान, थोडा विरोध. ४०० ग्रॅमच्या आसपासचं हत्यार आहे, त्यातून प्लस-पी (जास्त दाबाची) काडतुसं झाडली तर उघड्या बॅकस्ट्रॅपवर सरावच होत नाही. पहिल्या पाच-दहा फैरींनंतर माणूस दचकून चाप ओढायला लागतो. ३४०पीडीसारखं ३५० ग्रॅमच्याही आतलं .३५७ असेल तर विचारूच नका. चाप जवळ असण्याचा फायदा माणूस मुळात सराव करत असेल तरच.

सागवान

मग सरावाला एक मूठ, खिशाला एक. एका स्क्रूचा तर खेळ आहे.

चाप_ओढ

दोन मुठी म्हणजे दोन वेगळी मापं. हाताला सवय नक्की कशाची लावायची? हे मला पटत नाही. सरावासाठी काडतुसं हलकी घ्या, मूठ तीच ठेवा.

सागवान

हलकी काडतुसं हा मुद्दा मान्य. तेवढ्यापुरती माघार.

निळाई

जुनी सेंटेनियल (६४२सारखीच घोडा झाकलेली स्मिथची मॉडेलं) वापरणाऱ्यांसाठी इशारा, कारण हा धागा तेही वाचतील. १९५२पासूनच्या मूळ मॉडेल ४०ला आणि त्याच्या हलक्या भावंडाला, मॉडेल ४२ला, बॅकस्ट्रॅपमध्येच ग्रिप सेफ्टी आहे: मूठ दाबल्याशिवाय चाप मागे येत नाही. अशा रिव्हॉल्व्हरवर बॅकस्ट्रॅप झाकणारी मूठ लावायची नाही. रबर ती पट्टी कायम दाबून धरतं किंवा नीट दबूच देत नाही. एकीकडे सेफ्टी गेली, दुसरीकडे रिव्हॉल्व्हर गेलं. ६४२ आणि ४४२ला ही भानगड नाही.

आणि काळ्या पॉलिशच्या, म्हणजे ब्लूइंग केलेल्या जुन्या पोलादी फ्रेमवर रबरी मूठ असेल तर ती अधूनमधून काढून बघत जा. रबराखाली घाम साचतो, वाळत नाही, आणि वरून काही दिसत नाही. मूठ चढवण्याआधी फ्रेमवर पेस्ट वॅक्सचा पातळ हात फिरवा. तेल नको. तेल पाझरून लाकडात जातं आणि रबर फुगवतं.

अर्धा_फेरा

रुगर एलसीआरवाल्यांनी वरचं सगळं वाचून जे-फ्रेमची मूठ मागवू नये. २००९च्या या डिझाइनमध्ये मुठीत पूर्ण फ्रेम उतरतच नाही, नुसता एक खुंटा असतो. मूठ त्यावर खालून सरकते आणि बुडाच्या एका स्क्रूने बसते. तोटा: सुट्या पट्ट्यांचा बाजार तुम्हाला बंद. फायदा: आत फ्रेम नसल्याने मुठीच्या जाडीवर, मागच्या उंचीवर बंधन फार कमी, म्हणून त्याच्या मऊ मुठी खरोखर मऊ असतात. एसपी१०१लाही खुंटाच आहे, पण आकार वेगळा, अदलाबदल होत नाही.

तसंच स्मिथच्या ५०० मॅग्नमची ती प्रसिद्ध गुबगुबीत मूठ के, एल, एन या मोठ्या फ्रेमच्या राउंड बटवर चढते. जे-वर नाही. दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच लिहून टाकलं.

करंगळी

मूळ प्रश्नातल्या करंगळीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून आयडीला जागून बोलते.

खिशातल्या हत्याराचा उठाव दिसतो तो नळीमुळे नाही, मुठीच्या बुडामुळे. नळी खिशात खाली जाते, बूड वर तिरकं राहतं. तिन्ही बोटं बसणारी मूठ घेतली की नेमकं तेच बूड दीड-दोन सेंटिमीटर वाढतं आणि बसताना कापडावर उमटतं. म्हणून खिशासाठी दोन बोटांची मूठ, आणि करंगळी बुडाखाली दुमडायची. बुडाचा पुढचा कोपरा गोल केलेला असेल तर दुमडलेली करंगळी तिथे छान टेकते आणि धक्क्यात मूठ वर सरकत नाही. कोपरा धारदार असेल तर बोटाच्या बाजूला कापतो. विकतच्या बहुतेक लाकडी बूट ग्रिप्सना हा कोपरा नुसता मोडलेला असतो, गोल केलेला नसतो. तेवढं घासणं कोणालाही जमेल.

दुसरं, ट्रिगर गार्डच्या मागची पोकळी. सडपातळ लाकडी पट्ट्या लावल्या की मधलं बोट तिथे आत शिरतं आणि दर फैरीला गार्डचा कोपरा पेरावर आपटतो. त्याला उपाय टायलर टी-ग्रिप किंवा तशा प्रकारचा भरीव तुकडा. तो तांब्याच्या दोन पट्ट्यांनी फ्रेमला मिठी मारतो आणि मुठीच्या पट्ट्यांखाली दबून बसतो. पट्ट्या आतून अगदी घट्ट बसणाऱ्या असतील तर त्या तांब्यापुरती खाच आत काढावी लागते, नाहीतर पट्टी फ्रेमपासून उचललेली राहते.

मूठभर

आयडी सार्थकी लागला, ताई.

कानसवाला

+१. करंगळीताईंनी लिहिलेली गार्डमागची जागा फार महत्त्वाची. बोटांच्या खाचा असलेल्या मुठींत ती आधीच भरलेली असते, पण खाचा तुमच्या बोटांच्या नसतात. मधल्या बोटाखालचा उंचवटा पेराखाली आला की पकड बिघडते. लाकडी किंवा जी-१० असेल तर उंचवटे सरळ काढून टाका, पुढची कड एकसंध वक्र करा. रबरी असेल तर हात लावू नका, कारण आत कडक सांगाडा असतो. दोन मिलिमीटर खाली गेलात की तो उघडा पडतो आणि वरचं रबर कडेने सुटायला लागतं.

खिसेपाकीट

उत्तम माहिती, सगळ्यांचे आभार. बोट पहिल्या पेरावर येतं, म्हणजे उघडा बॅकस्ट्रॅप चालेल. लाकडी बूट ग्रिप नक्की. दोन प्रश्न उरले: मूळ मूठ काढताना फ्रेमला ओरखडा न पडता कशी काढावी, आणि नवीन लाकडाला नेमकं कुठे घासायचं?

निळाई

काढणं: दोन पट्ट्यांच्या मुठीत कड पकडून कधीच उचकटायचं नाही. स्क्रू चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग स्क्रूच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक करा. दाब समोरच्या पट्टीवर जातो आणि ती सुटते. मग स्क्रू काढा आणि दुसरी पट्टी फ्रेमच्या पोकळीतून बोटाने आतून बाहेर ढकला. स्क्रू ड्रायव्हर पात्याच्या बाजू समांतर असलेला, खाचेत पूर्ण बसणारा. साधा पाचरीसारखा पाता खाचेतून निसटतो आणि थेट नवीन लाकडावर घसरतो.

रबरी अखंड मूठ असेल तर स्क्रू बुडाला. मोनोग्रिपमध्ये आत एक छोटी रिकीब असते, ती फ्रेमच्या आडव्या पिनमध्ये अडकते आणि खालून स्क्रू तिला ओढून धरतो. ती रिकीब हरवू नका.

कानसवाला

घासण्याच्या जागा. इथे थोडा वेळ घेतो, कारण खरी करामत डाव्या पट्टीत आहे.

सिलिंडर उघडलं की ते डावीकडे येतं आणि डाव्या पट्टीच्या वरच्या भागाला जवळजवळ चिकटतं. तिथे लाकूड फुगीर असेल तर दोन घोळ. एक, स्पीडलोडर तिरका बसतो, पाचही काडतुसं एकदम घरात उतरत नाहीत. दोन, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलताना मुठीकडच्या पुंगळीची कड लाकडावर अडते आणि ती अर्धवट बाहेर राहते. दुसरा घोळ लोकांच्या लक्षातच येत नाही. ते एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाला, दोष देतात.

पद्धत अशी. सिलिंडरमध्ये पाच डमी काडतुसं, पट्टी जागेवर, स्क्रू आवळलेला. तुमचा जो लोडर असेल तो, एचकेएससारखा गोल खुंटीचा किंवा सफारीलँडसारखा ढकलायचा, त्याच्या कडेला लिपस्टिक किंवा मेणबत्तीची काजळी लावा आणि बसवून बघा. लाकडावर डाग पडेल तेवढीच जागा काढायची. पट्टी काढा, लोडरच्या घेराच्या आसपासची गोल काठी घ्या, तिला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि अर्धा मिलिमीटर घासा. पुन्हा बसवा, पुन्हा डाग बघा. घाईने एकदम दोन मिलिमीटर काढलेत तर पट्टीची वरची कड कागदासारखी पातळ होते आणि पहिल्या थेंबभर घामाला उचलते. लोडर मोकळा उतरायला लागला की पुंगळ्यांची परीक्षा घ्या: रिकाम्या पाच पुंगळ्या भरा, नळी वर, एक्स्ट्रॅक्टर रॉडवर एक जोरदार चापटी. पाचही पडायला हव्यात.

लोडरऐवजी स्पीड स्ट्रिप (काडतुसं धरणारी लवचीक पट्टी) वापरणार असाल तर एवढी खोल खाच लागत नाही, पण पुंगळीसाठी थोडी लागतेच.

चाप_ओढ

यात एक भर. लाकूड बाहेरून घासण्याआधी आतून बघा. जे-फ्रेमची मेनस्प्रिंग (घोड्याची मुख्य स्प्रिंग) गुंडाळीची असते, एका दांड्यावर, मुठीच्या पोकळीतच. पट्टीची आतली बाजू तिला घासत असेल तर चाप जड आणि खरखरीत लागतो. तपासणी सोपी: पट्ट्या काढून डमी काडतुसांवर चाप ओढून बघा, मग लावून बघा. फरक वाटला तर आतली काजळी-परीक्षा करा.

सागवान

लाकडाची तयारी: १२०ने आकार, २२०ने १२०चे ओरखडे, मग ३२० आणि ४००. ४००च्या आधी ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या, लाकडाचे तंतू उभे राहतात, ते कापून टाका. याच्या पुढे जाऊ नका. आरशासारखं लाकूड घामेजल्या हातात साबणासारखं निसटतं.

शेवटचा हात टंग ऑइलचा किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, पातळ, प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवून. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

कोकोबोलो घासणार असाल तर मास्क आणि बाह्या हव्यातच. त्याच्या भुकटीची अनेकांना अ‍ॅलर्जी होते, अंगावर पुरळ उठतं. अक्रोडाचं लाकूड त्या मानाने बिनत्रासाचं, आणि घासायलाही मऊ.

अर्धा_फेरा

जी-१०ला ते सगळं दुप्पट लागू. ती काचेच्या धाग्यांची आणि एपॉक्सीची पट्टी आहे, भुकटीत काच असते. कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, आणि नाकातोंडावर नुसता रुमाल नको, चांगला मास्क लावा. कानस लवकर बोथट होते. त्या बदल्यात मिळतं काय, तर घामाने, तेलाने, उन्हाने जराही न हलणारी मूठ. ओली झाली तरी माप तेच.

मूठभर

आणि हस्तिदंती रंगाची राळेची मूठ? सिनेमातल्यासारखी?

करंगळी

ती दिसते छान, खिशात कोणाला दिसणार आहे? शिवाय अगदी गुळगुळीत. घ्यायचीच तर भिंतीवर टांगायच्या रिव्हॉल्व्हरला.

खडबडीतपणाचाच विषय निघाला म्हणून: स्केटबोर्डची खरखरीत टेप लावायचा सल्ला फिरतो. खिशातल्या हत्याराला नको. अस्तराला भोक पडतं आणि मांडीला ओरखडे. पकड हवी असेल तर लाकडाच्या फक्त पुढच्या आणि मागच्या कडेला बारीक चेकरिंग (आडव्या-तिरप्या खाचांची जाळी) करा, इंचाला वीसेक रेषा. बाजू गुळगुळीत ठेवा. कापड बाजूंना घासतं, पकड पुढून-मागून होते.

निळाई

लेझरवाल्या मुठींबद्दल दोन ओळी, धाग्यात नाव आलंय म्हणून. बटण पुढे, मधल्या बोटाखाली. पकडलं की लागतं. म्हणजे इथे मुठीचा आकार बटणाने ठरतो, तुमच्या हाताने नाही, आणि घासायला तिथे काही वाव नाही. लेझर उजव्या पट्टीच्या वरच्या टोकाला असतो. तर्जनी फ्रेमला सरळ टेकवून ठेवायची सवय असेल तर किरण बोटाने झाकला जातो. हे घेण्याआधी बघा.

चाप_ओढ

अवांतर: बरामी हिप-ग्रिप कोणी सुचवली नाही. उजव्या पट्टीला एक ओठ असतो, तो कमरेच्या पट्ट्यावर अडकतो, होल्स्टर लागत नाही. खिशासाठी मात्र निरुपयोगी, तो ओठ खिशाच्या कडेला अडकतो. शिवाय चाप उघडा राहतो, ते मला तरी मान्य नाही.

कानसवाला

मलाही नाही. चाप पूर्ण झाकणारं पाउच हवंच, मूठ कोणतीही असो. आणि त्या खिशात दुसरं काही नको, किल्ल्या तर नकोच.

खिसेपाकीट

अक्रोडाची बूट ग्रिप घेतली आणि वरच्याप्रमाणे डावी बाजू बेतली. लोडर उतरतो, पुंगळ्या पडतात. एक अडचण: स्क्रू दर पन्नासेक फैरींनंतर सैल होतो. थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावू का?

अर्धा_फेरा

लाकडात चालेल, पण पुढे कधी प्लॅस्टिकची मूठ लावाल तेव्हा लक्षात ठेवा: काही प्लॅस्टिक थ्रेडलॉकरने तडकतं. त्यापेक्षा स्क्रूच्या डोक्याखाली पातळ ओ-रिंग. ती दाबून राहते आणि स्क्रूला धरून ठेवते.

कानसवाला

दोन्ही वरवरचे इलाज. लाकडी पट्टीचा स्क्रू स्वतःहून सैल होत नाही, पट्टी हलते म्हणून होतो. फ्रेमच्या बुडाशी आडवी पिन आहे ना, तिच्यासाठी पट्टीत आतून भोक असतं. ते भोक सैल असेल तर प्रत्येक धक्क्याला पट्टी केसभर सरकते आणि स्क्रू उलटा फिरतो. म्हणून आवळत बसू नका. जास्त आवळलंत तर स्क्रूच्या पितळी बुचाभोवती किंवा त्या भोकातून लाकूड चिरतं.

तपासणी: स्क्रू काढा, पट्टी पिनवर बसवून अंगठ्याने वर-खाली ढकला. हलली तर भोकच दोषी. मग पिनवर आणि फ्रेमच्या भोवतालच्या भागावर पेस्ट वॅक्सचे दोन हात द्या, वाळू द्या. पट्टीच्या भोकात एपॉक्सीचा छोटा ठिपका, जास्त नको, नाहीतर बाहेर येऊन फ्रेमवर पसरेल. पट्टी जागेवर बसवा, स्क्रू बोटाने फिरेल तेवढाच आवळा, रात्रभर ठेवा. सकाळी स्क्रू सैल करून निळाईंनी सांगितलेल्या टकटक पद्धतीने पट्टी काढा. भोक पिनच्या मापाचं झालेलं असेल. दुसऱ्या पट्टीलाही हेच, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एकदम केल्यात आणि वॅक्स कुठे कमी पडलं तर पट्ट्या काढायला धरायला काहीच उरत नाही.

खिसेपाकीट

तपासलं. उजवी पट्टी हलते, डावी घट्ट. आज रात्री उजवी घेतो.

निळाई

वॅक्स पिनच्या खालच्या बाजूलाही लावा, तिथे हमखास राहून जातं.